रेडिओवरचे माडगूळकर

‘बनगरवाडी’ लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर १९५५ साली पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण विभागात नोकरीला लागले, हे मला गुरुजींनी सांगितले. त्यांचा जन्म १९२७ साली माणदेशातल्या माडगुळे गावी झाला. खेडे त्यांना आतून ठाऊक होते.

१९५६ साली पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळे काढली. त्यात आपला नाशिक जिल्हाही होता. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवीत. म्हणजे रेडिओ गावाचेही ऐकत असे!

माझी आजी शाळेत गेली नाही. ती म्हणते, “वाचता यायचं नाही, पण रेडिओवरचं समदं कळायचं.”

पालकहो, आज शाळेत आलात तर नुसते ऐकून जाऊ नका. तुमचा प्रश्न विचारा. लिहून घ्यायला मी आहे.