काउंटीची शिष्यवृत्ती आणि ‘सन्स अँड लव्हर्स’मधील मौन

डी. एच. लॉरेन्सची ‘सन्स अँड लव्हर्स’ (१९१३) ही कादंबरी आत्मचरित्रात्मक मानली जाते, आणि नॉटिंगहॅमशायर काउंटीतील खाणकामगारांच्या जीवनाचा दस्तऐवज म्हणूनही तिच्याकडे पाहिले जाते. या दुसऱ्या समजाला एका ठिकाणी तडा जातो. ते ठिकाण म्हणजे शाळा.

लॉरेन्स १८८५ साली ईस्टवुड या खाणीच्या गावी जन्मला. त्या काळी कामगाराच्या मुलाला प्राथमिक शाळेपलीकडची वाट जवळजवळ बंदच होती. माध्यमिक शाळा उभारण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना खऱ्या अर्थाने मिळाला तो १९०२ च्या कायद्याने. तोवर ग्रामर स्कुले जुन्या देणग्यांवर आणि विद्यार्थ्यांच्या फीवर चालत. एक फट तेवढी होती. १८८९ साली अस्तित्वात आलेल्या काउंटी कौन्सिलांना १८९० पासून मद्यावरील कराचा काही भाग मिळू लागला. तो बहुतेक ठिकाणी तांत्रिक शिक्षणाकडे वळविला गेला आणि त्यातूनच हुशार मुलांना शिष्यवृत्त्या देण्याची प्रथा रुळली. (ज्या कादंबरीत बापाची दारू घर पोखरते, तिच्या लेखकाच्या पिढीला शाळेचे दार मद्याच्या करानेच किलकिले करून द्यावे, हा योगायोग कोणी कादंबरीत योजला असता तर आपण त्यास कृत्रिम म्हटले असते.) १८९८ साली लॉरेन्सला काउंटी कौन्सिलची शिष्यवृत्ती मिळाली व तो नॉटिंगहॅम हायस्कूलमध्ये दाखल झाला. १९०१ पर्यंत तो तेथे होता.

पॉल मोरेलच्या चरित्रात यातले काहीच नाही. चौदाव्या वर्षी तो नोकरी शोधू लागतो. जे थोडे फ्रेंच, जर्मन व गणित त्याला येते, ते धर्मपिता असलेल्या पाद्रीबुवांकडून शिकलेले. त्या फ्रेंचची मुलाखतीत कशी त्रेधा उडते, हा प्रसंग वाचकांस स्मरत असेल. मात्र काउंटीने शहरात पाठविलेला मुलगा पॉलच्या चरित्रातून पार पुसला गेला आहे. शाळा परत येते ती ‘द रेनबो’त (१९१५), आणि तीही एका मुलीच्या वाट्याला. उर्सुला नॉटिंगहॅमच्या ग्रामर स्कुलात शिकते, पुढे पन्नासाहून अधिक मुलांच्या वर्गापुढे उभी राहते आणि अखेर एका मुलावर छडी उगारते. स्वतः लॉरेन्सनेही विद्यार्थी-शिक्षक म्हणून गावच्याच पोरांना शिकविले होते. तो अनुभव त्याने झाकला नाही. झाकली ती शिष्यवृत्ती.

असे का केले असावे? माझ्या मते उत्तर भाषेत आहे. मोरेल खाणीची बोली बोलतो, आई प्रमाण इंग्रजी. पॉल आईची भाषा बोलतो, पण क्लाराशी प्रेमाच्या क्षणी बापाच्या बोलीत शिरतो. कादंबरीचा सारा ताण या दोन भाषांच्या एका घरात राहण्यावर उभा आहे. पॉलची प्रमाणभाषा हायस्कूलची देणगी ठरली असती, तर आई केवळ शाळेची पूर्वतयारी उरली असती, आणि बापाशी झालेली फारकत कौन्सिलच्या दप्तरातील एक नोंद झाली असती. लॉरेन्सला ती फारकत घरातच घडवावयाची होती.

आपल्याकडील बोली-प्रमाण वादाशी हे सरळ जुळविण्याचा मोह आवरावा. आपल्या दलित आत्मकथनांत शाळा आणि वसतिगृह पुसले जात नाही. उलट, निवेदनाचा कणाच ते असते. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) ‘सन्स अँड लव्हर्स’शेजारी ठेवून वाचताना प्रथम हाच फरक ध्यानी येतो, आणि तुलनेस आरंभ करावयाचा तो येथूनच.