आधी मोजा, मग पार्ट बदला

माझदा एमएक्स-५ ही दोन आसनी उघडी गाडी फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली. पुढच्याच वर्षी ती ब्रिटनमध्ये पोचली आणि तिथल्या शौकिनांनी तिला डोक्यावर घेतलं. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांची मजा तिच्यात होती, पण त्यांची रुसण्याची खोड नव्हती. किल्ली फिरवली की ती चालू व्हायची. २०१६च्या एप्रिलमध्ये दहा लाखावी एमएक्स-५ कारखान्यातून बाहेर पडली.

पहिल्या पिढीच्या, म्हणजे १९८९ ते १९९७ या काळातल्या गाड्या आता तिशीच्या आगेमागे आहेत. या वयात लौकिकाचा फारसा उपयोग होत नाही. रबर कडक झालेलं असतं, तांब्याच्या तारांवर हिरवी पुटं चढलेली असतात आणि आधीच्या प्रत्येक मालकाने वायरिंगमध्ये आपापली भर घातलेली असते. ही गाडी भारतात अधिकृतपणे विकली गेली नाही. ब्रिटनमधल्या मराठी माणसाला मात्र ती सेकंडहँड बाजारात सहज सापडते, आणि तिच्या मोहात पडायला एक उन्हाळी रविवार पुरतो.

प्रस्तुत लेखकाने इंग्लंडच्या मिडलंड्स भागात अशीच एक गाडी घेतली. पावसाळी हवा सुरू झाल्यावर तिच्या तीन तक्रारी पुढे आल्या. चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरायची, सीटमागचं कार्पेट ओलं लागायचं आणि इंजिनाच्या मागच्या बाजूने तेल ठिबकायचं. गॅरेजवाल्याचं निदान तयार होतं: बॅटरी नवी टाका, ती टिकली नाही तर आल्टरनेटर बदला, आणि तेलासाठी गिअरबॉक्स उतरवून क्रँकचं मागचं सील बदलावं लागेल. यातलं एकही काम अखेर करावं लागलं नाही. पहिल्या दोन तक्रारींचं मूळ एकच निघालं आणि तिसरी एका स्वस्त रबरी रिंगेची होती.

सुरुवात पाण्यापासून करावी, कारण विजेच्या निम्म्या भानगडी तिथूनच जन्म घेतात.

या गाडीच्या कापडी टपावरचं पाणी मागच्या पन्हळीत येतं आणि दोन्ही बाजूंना सीटबेल्टच्या खांबापाशी असलेल्या भोकांतून नळीवाटे खाली, मागच्या चाकाच्या पुढे बाहेर पडतं. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत पानांचा चुरा, शेवाळ आणि धूळ यांचा बोळा या भोकांत बसतो. मग पाणी आत कार्पेटखाली उतरतं किंवा दाराखालच्या पोकळ पत्र्यात साचून तो आतून सडवतं. हा पत्रा गाडीच्या सांगाड्याचा भाग असल्याने तो गंजला की ब्रिटनच्या वार्षिक एमओटी तपासणीत गाडी नापास होते. तपासणं मात्र अगदी सोपं आहे. भोकात पेलाभर पाणी ओतायचं. ते लगेच खाली बाहेर पडायला हवं. तुंबलं असेल तर गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉनची दोरी हळूहळू आत सरकवावी. कडक तार घालू नये, तिने नळी फाटते.

भोकं मोकळी असूनही पाणी आत येत असेल, तर दोघांनी मिळून तपास करावा. एकाने आत बसून कोरडा टिश्यू पेपर सांध्यासांध्यांवर टेकवत राहायचं आणि दुसऱ्याने पाइपाची बारीक धार खालून वर नेत जायची: आधी दाराचा खालचा भाग, मग काचेची कड, शेवटी टप. एकदम वरून पाणी सोडलं की सगळंच ओलं होतं आणि काहीच कळत नाही. डिकीत पाणी सापडलं तर मागच्या दिव्यांची गॅस्केट आणि एरियलच्या बुडाचं रबर पाहावं. पुढच्या सीटपाशी पायाखालचा ओलावा चिकट आणि गोडसर वासाचा असेल, तर तो पाऊस नव्हे. हीटरमधून कुलंट गळतंय.

कार्पेट वरून कोरडं लागलं तरी फसू नये. खालच्या स्पंजमध्ये पाणी कित्येक आठवडे टिकून राहतं. अमेरिकेत विकल्या गेलेल्या १९९० ते १९९३च्या गाड्यांत तर इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, प्रवाशाच्या पायापाशी याच कार्पेटखाली बसवलेला आहे. तिथे ओलावा मुरला तर गाडी बंद का पडते हे शोधताना चांगला मेकॅनिकही हैराण होतो.

आता वीज. यासाठी साधा मल्टीमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला पाहिजे, १२.२ म्हणजे ती निम्मी रिकामी आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळत असतील, तर आल्टरनेटर ठीक चार्जिंग करतोय. लेखकाच्या गाडीत हे दोन्ही आकडे योग्य होते. म्हणजे बॅटरी चांगली होती, पण गाडी उभी असताना तिच्यातून कुणीतरी करंट पीत होतं.

ही चोरी पकडण्यासाठी किल्ली काढावी, डिकीचा दिवा विझलाय याची खात्री करावी, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी आणि वायर व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर लावून जोडावा. अर्धा तास थांबावं, कारण अलार्म आणि रेडिओ झोपायला वेळ घेतात. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये, मीटरचा फ्यूज जागीच जाईल. ५० मिलिअँपिअरपर्यंतचा आकडा चालून जातो. लेखकाच्या गाडीत तो ०.३ अँपिअरच्या घरात होता. दिसायला किरकोळ, पण दिवसाला सात अँपिअर-अवर. या गाडीत बसणाऱ्या ३५ अँपिअर-अवरच्या छोट्या बॅटरीचा पाचवा हिस्सा.

मग एकेक फ्यूज काढत मीटरकडे पाहायचं. ज्या फ्यूजबरोबर आकडा कोसळतो, त्याच सर्किटमध्ये चोर असतो. इथे चोर एका जुन्या मालकाने बाहेरून बसवलेला अलार्म निघाला. सीटमागच्या कार्पेटखाली, तुंबलेल्या पाण्यात, त्याच्या वायरचा सांधा हिरवा होऊन पडला होता आणि त्यामुळे रिले कधी पूर्ण बंदच होत नव्हता. भोक साफ केलं, अलार्म कायमचा काढला, सांधा कापून नीट सोल्डर केला. बॅटरी तीच राहिली.

बॅटरीबद्दल आणखी एक गोष्ट. या मॉडेलची बॅटरी डिकीत असते आणि मुळात ती बंद प्रकारची, वायू बाहेर नेणारी नळी जोडलेली होती. पैसे वाचवायला तिथे साधी ॲसिडची बॅटरी टाकली की वाफेने आसपासचा पत्रा खाल्ला जातो. जुनी गाडी बघताना बॅटरी उचलून खालचा पत्रा पाहावा.

दिवे मंद, इंडिकेटर लावला की मागचा दिवा लुकलुकतो, वर येणारे हेडलाइट अर्ध्यात अडकतात, अशा वेळी संशय आधी अर्थिंगवर घ्यावा. दिवा चालू ठेवून मीटरची एक पिन दिव्याच्या अर्थ वायरला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावावी. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर सांधा गंजलेला आहे. बोल्ट सोडून पत्रा घासून चकचकीत करावा. फायबरग्लास बॉडीच्या गाडीत हा प्रश्न आणखी पेटतो, कारण बॉडीतून करंट परत येऊच शकत नाही. १९६२ची लोटस एलान अशी होती आणि आपल्याकडची सॅन स्टॉर्मही तशीच. तिथे प्रत्येक दिव्याची अर्थ वायर वेगळी शोधावी लागते. जुन्या एमजीबीवर काम करणाऱ्याने तर आधी साल पाहावं: १९६७पर्यंत तिच्यात पॉझिटिव्ह अर्थ होती. आजचा रेडिओ डोळे झाकून जोडला तर तो जळतो.

फ्यूज वारंवार जात असेल तर १५ अँपिअरच्या जागी ३० अँपिअरचा टाकण्याचा सल्ला कुणी ना कुणी देतोच. तो ऐकू नये. मग फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ती कार्पेटखाली जळते.

राहिलं तेल. तेल नेहमी खाली आणि वाऱ्याबरोबर मागे सरकतं, त्यामुळे ते जिथून थेंब थेंब पडतं तिथे उगम क्वचितच असतो. इंजिन डिग्रीझरने स्वच्छ धुवावं, थोडं चालवावं आणि टॉर्च घेऊन सर्वांत वरचा ओला बिंदू शोधावा. एमएक्स-५मध्ये तो बहुधा इंजिनाच्या मागच्या टोकाला, कॅम अँगल सेन्सरपाशी सापडतो. त्याची ओ-रिंग कडक झाली की तेल बेलहाउसिंगवरून ओघळतं आणि हुबेहूब क्रँकच्या मागच्या सीलची गळती वाटते. एकासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, दुसऱ्यासाठी एक बोल्ट. मात्र सेन्सर हलवण्याआधी त्याच्या जागेवर खूण करावी, कारण इग्निशनचं टायमिंग तिथेच ठरतं, आणि नंतर टायमिंग लाइटने तपासून घ्यावं.

कोणता द्रव गळतोय हे बोटाला आणि नाकाला कळतं. इंजिन ऑइल तपकिरी-काळं असतं. गिअर ऑइल जाड आणि गंधकाच्या उग्र वासाचं. कुलंट रंगीत आणि गोडसर वासाचं. ब्रेक ऑइल पातळ, पिवळसर असून रंग खातं. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर या गाडीत हमखास गळतो. त्याच्या टाकीतली पातळी बघत राहावी. ब्रेक ऑइल गळत असेल तर गाडी चालवू नये, पेट्रोलचा वास येत असेल तर चालूसुद्धा करू नये. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये.

ब्रिटनमध्ये गाडी घेणाऱ्याला एक सोय फुकट मिळते. नंबर टाकला की २००५पासूनचा एमओटीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर वाचता येतो. तेलगळती आणि गंज यांचे शेरे वर्षानुवर्षं तेच दिसले, तर मालकाने फक्त पॉलिश केलंय असं समजावं.

आणि गॅरेजमध्ये जाताना आकडे लिहून न्या: उभ्या गाडीचे व्होल्ट, चालू इंजिनाचे व्होल्ट, बंद गाडीतला करंट, कोणता फ्यूज काढल्यावर तो उतरला, तेलाचा सर्वांत वरचा ओला बिंदू कुठे होता. मोठं काम सांगितलं तर ते कशावरून ठरलं हे विचारा, आणि तो पुरावा समोर दाखवेपर्यंत गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका.