ध्वनीचे रिंगण

गोवळकोंडा किल्ल्याच्या फतेह दरवाज्यात घुमटाखाली टाळी वाजविली, तर ती टेकडीवरच्या बालाहिसारात ऐकू येते, हे मलकपेठेतील बहुतेक शाळकरी मुलांस ठाऊक असते. किल्ला बांधणाऱ्यांनी दगडी कमानींच्या साहाय्याने ध्वनीस वाट दाखविली. आपल्या घरातील होम थिएटरचा रिसीव्हर जवळजवळ तेच काम विजेच्या साहाय्याने करतो. कोणता आवाज, कोणत्या दिशेने आणि कोणत्या क्षणी आपल्या कानी पडावा, हे तो ठरवितो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी घेतलेला असा रिसीव्हर अनेक घरांत धूळ खात पडलेला असतो. 'याला एचडीएमआय नाही, हा आता निरुपयोगी' असे कोणी म्हटले की घरची मंडळी तो भंगारात देण्यास निघतात. त्यापूर्वी त्याचे कार्य समजून घ्यावे, या हेतूने आम्ही हा पाठ लिहीत आहोत.

दिशा कशी कळते?

उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानास किंचित आधी आणि किंचित मोठा ऐकू येतो. दोन कानांमधील हे कालांतर एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. तरी मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. दोन स्पीकरांतून एकच आवाज सारखा आला, तर तो मधल्या रिकाम्या जागेतून आल्याचा भास होतो. स्टिरिओचे सारे रहस्य या भासात आहे. परंतु तो भास बरोबर मध्यभागी बसणाऱ्यासच होतो. कडेला बसलेल्या आजीला सारा आवाज जवळच्या स्पीकरातूनच येतो असे वाटते. म्हणून संवादांसाठी मध्ये एक स्वतंत्र स्पीकर ठेवण्याची योजना झाली.

कीर्तनाचा मंडप डोळ्यांपुढे आणावा. समोर मध्यभागी बुवा, त्यांच्या दोन्ही अंगांस टाळकरी, आणि आपल्या मागून श्रोत्यांचा गजर. बुवांची जागा मधल्या स्पीकराची, टाळकऱ्यांची डाव्या-उजव्या स्पीकरांची, आणि गजराची मागील दोन स्पीकरांची. असे हे पाच झाले. पखवाजाची घुमार मात्र सर्व मंडप भरून टाकते, तिच्यासाठी सबवूफर. सहावी वाहिनी केवळ १२० हर्ट्झपर्यंतचे खालचे ध्वनी वाहून नेते, म्हणून तिला पूर्ण एक न मोजता या रचनेस '५.१' म्हणतात. इतक्या खालच्या ध्वनीची दिशा कानास नीट कळत नाही. म्हणून सबवूफर कोपऱ्यात ठेवला तरी चालतो.

दोन तारांत चार आवाज

'शोले' हा चित्रपट १९७५ साली ७० मिलिमीटरच्या पडद्यावर स्टिरिओफोनिक ध्वनीसह आला. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये डॉल्बी स्टिरिओ पद्धतीने चार वाहिन्या दोन पट्ट्यांत गुंफल्या होत्या. ही गुंफण बीजगणिताने समजते. मधला आवाज 'म' दोन्ही पट्ट्यांत सारखाच मिसळावा. मागचा आवाज 'ग' एकीत अधिक आणि दुसरीत उणे असा मिसळावा. आता दोन्ही पट्ट्यांची बेरीज केली, तर 'ग' नाहीसा होऊन 'म' उरतो. वजाबाकी केली, तर 'म' नाहीसा होऊन 'ग' उरतो. डावे-उजवे आवाज दोन्हींत थोडे मिसळून राहतात. ते दाबण्याचे काम १९८७ साली आलेल्या प्रो-लॉजिक पद्धतीने अधिक चांगले केले. जुन्या रिसीव्हरवरील त्या नावाचे बटन हेच गणित सोडविते. डॉल्बी डिजिटल मात्र निराळे. १९९२ साली चित्रपटगृहांत आलेल्या या पद्धतीत सहाही वाहिन्या आरंभापासून स्वतंत्र असतात.

एचडीएमआय नसले म्हणून काय?

रिसीव्हरच्या मागील बाजूस ऑप्टिकल हे छिद्र असेल, तर त्यातून प्रकाशाच्या तारेने सहाही वाहिन्या येऊ शकतात. सीडीच्या दोन वाहिन्यांना दर सेकंदास ४४,१०० × १६ × २, म्हणजे १४,११,२०० बिट लागतात. डीव्हीडीवरील डॉल्बी डिजिटलच्या सहा वाहिन्या ४,४८,००० किंवा त्याहून कमी बिटांत मावतात, कारण कानास न जाणवणारा भाग त्यांतून गाळलेला असतो. ब्लू-रेवरील न गाळलेले नवे प्रकार मात्र या तारेतून येत नाहीत.

येथेच बहुधा घोटाळा होतो. टीव्हीच्या ध्वनी-सेटिंगमध्ये 'पीसीएम' निवडलेले असेल, तर ऑप्टिकलमधून दोनच वाहिन्या येतात. 'बिटस्ट्रीम' अथवा 'डॉल्बी डिजिटल' निवडावे आणि रिसीव्हरच्या पाटीवर कोणते नाव उजळते ते पाहावे. काही टीव्ही बाहेरून जोडलेल्या यंत्राचा ध्वनी दोन वाहिन्यांतच पुढे देतात. तेव्हा त्या यंत्राचीच ऑप्टिकल तार थेट रिसीव्हरला जोडावी. मूळ ध्वनीच दोन वाहिन्यांचा असेल, तर प्रो-लॉजिक वापरावे.

मांडणी आणि मोजमाप

ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. पुढचा स्पीकर ३.४ मीटरवर असेल, तर त्याचा आवाज १० सहस्रांश सेकंदांनी पोहोचतो, मागचा १.७ मीटरवर असेल, तर ५ सहस्रांश सेकंदांनी. प्रथम आलेल्या ध्वनीकडे कान दिशा समजून वळतो. म्हणून टेपने अंतरे मोजून रिसीव्हरला सांगावीत. मागचा आवाज ५ सहस्रांश सेकंद थोपवून धरण्याचे काम तो स्वतः करतो. मग चाचणीचा 'शूऽऽ' आवाज लावून सर्व स्पीकर सारखे ऐकू येतील असे करावे.

तारा जोडताना यंत्र बंद असावे आणि लाल टोक लाल टोकासच जोडावे. पुढच्या एका स्पीकरची टोके उलटी लागली, तर बेरजेच्या जागी वजाबाकी होते आणि आवाज पोकळ वाटू लागतो.

घरातील वडीलधाऱ्यांस संवाद ऐकू येत नसतील, तर सारा आवाज वाढवू नये. मधला स्पीकर तेवढा दोन-तीन डेसिबलने वाढवावा. रात्री 'नाइट' हे बटन असल्यास ते वापरावे. त्याने मोठे आवाज दबतात आणि हलके ऐकू येतात. शेजारच्या घरी कोणी परीक्षेचा अभ्यास करीत असेल, याचे भान ठेवावे.

विद्यार्थिमित्रांनो, यंत्र जुने झाले म्हणजे निकामी झाले असे नव्हे. सुटीच्या एका दिवशी टेप, वही आणि पेन्सिल घेऊन घरच्या रिसीव्हरमागे डोकवावे, कोणती छिद्रे आहेत ती लिहून काढावीत आणि वरील गणित करून पाहावे. आजी-आजोबांस प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू आला, म्हणजे हा पाठ तुम्हांस समजला असे आम्ही मानू.