देवाच्या डोहातले बीज

कीर्तन आटोपल्यावर पुष्कळ वेळा एक प्रश्न येतो. 'बुवा, आम्ही माळकरी. मासा आमच्या ताटात नाही. मग नदीत मासा राहिला काय नि गेला काय, आपल्याला त्याचे काय?' खाणे सोडले म्हणजे नाते सुटले, अशी यामागची समजूत आहे. ती शास्त्राला धरून नाही आणि व्यवहारालाही धरून नाही. म्हणून या लेखात तिचा थोडा विचार करू.

आधी शास्त्र पाहू. शतपथ ब्राह्मणात मनूची कथा आहे. सकाळी हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यात एक इवलासा मासा मनूच्या हाती आला. तो म्हणाला, माझे पालन कर, मी तुला तारीन. आम्ही लहान असतो तोवर मोठे मासे आम्हाला गिळतात. मनूने त्याला आधी घागरीत ठेवले, मग खड्ड्यात, आणि वाढल्यावर समुद्रात सोडले. पुढे महापूर आला तेव्हा त्याच माशाने मनूची नाव ओढून नेली. पुराणांनी यालाच भगवंताचा मत्स्यावतार म्हटले. आता यातले मर्म पाहा बरे. त्या माशाने अन्न मागितले नाही, पूजा मागितली नाही. लहानपणी जगायला निर्धास्त जागा मागितली. शिवाय आपली गुरुपरंपरा आठवा. आदिनाथांचा उपदेश मत्स्येंद्रांनी माशाच्या पोटी राहून ऐकला, आणि गोरक्ष, गहिनी यांच्याकडून तो निवृत्तिनाथांपर्यंत व ज्ञानोबारायांपर्यंत आला. मग मासा आपला कोणी नाही, असे वारकऱ्याने कसे म्हणावे?

आता व्यवहार. निवृत्तिनाथांची समाधी ज्या त्र्यंबकच्या डोंगराशी आहे, त्याच डोंगररांगेतून गोदावरी पूर्वेला निघते आणि वैतरणा पश्चिमेला उतरते. वैतरणेच्या काठी, पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात तिळसे गाव आहे. तेथे तिळसेश्वर महादेवाच्या देवळापाशी नदीच्या डोहात मोठाले मासे आहेत. गावकरी ते मारत नाहीत, कोणाला मारू देत नाहीत. महाशिवरात्रीला यात्रेकरू त्यांना खाऊ घालतात. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. तेथले मासे वरदायिनी देवीचे, म्हणून तेथेही कोणी गळ टाकत नाही.

हे मासे मुख्यत्वे महासीर जातीचे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याच्या मुळा-मुठेतल्या या माशाचे वर्णन 1839 साली केले, आणि त्याचे शास्त्रीय नाव येथल्याच बोलीवरून 'खुद्री' असे ठेवले. या माशाला वाहते निर्मळ पाणी आणि तळाशी गोटे-वाळू लागते. पावसाळ्यात तो प्रवाहात अंडी घालतो. उन्हाळ्यात नदी आटली की सगळी वस्ती खोल डोहात गोळा होते. म्हणजे वैशाखातला डोह हे साऱ्या नदीचे बियाणे. शेतकरी कितीही उपाशी असला तरी बियाण्याची कणगी फोडत नाही. डोह देवाचा म्हणून सोडणाऱ्या पूर्वजांनी तीच कणगी राखली. पहिला पूर आला की तेथून मासे वर-खाली पसरतात, आणि काठच्या गरिबाच्या कालवणालाही ते पुरतात.

परंतु एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. श्रद्धा मासा राखू शकते. वरून येणारे पाणी घाण असेल तर एकटी श्रद्धा पुरत नाही. देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासे न मारण्याची रीत जुनी आहे. तरी मैल्यामुळे आणि कारखान्यांच्या पाण्यामुळे त्या नदीत मासे मेलेले लोकांनी पाहिले, आणि आळंदीला पात्रावर पांढरा फेस तरंगताना अलीकडच्या वर्षांत वारकऱ्यांनी स्वतः पाहिला. गळ कोणी टाकला नाही, तरी मासा गेला. म्हणून डोहाचे रक्षण डोहापाशी संपत नाही, ते उगमापासून सुरू होते.

आमचा पेठ तालुका तर उगमाकडचाच. येथले पाणी दमणगंगेसारख्या नद्यांनी पश्चिमेला समुद्राकडे जाते. आषाढात ओहोळ पात्रात मावत नाहीत आणि वैशाखात हंडाभर पाण्यासाठी पायपीट होते. अशा वेळी उरलेल्या डोहात कोणी विषारी औषध टाकतो, कोणी सुरुंगाची दारू उडवतो. त्यात मोठ्या माशाबरोबर पिल्ले, खेकडे, झिंगे सगळे मरतात, आणि तेच पाणी गुरे पितात. 1897 सालच्या मासेमारी कायद्यानेच हे दोन्ही प्रकार गुन्हा ठरवले आहेत. पण डोहाकाठी रात्री शिपाई नसतो, गाव असते.

यात माळकऱ्याने एक पथ्य पाळावे. आपले कोकणा, महादेव कोळी, वारली बांधव मासे धरून पोट भरतात. त्यांना पापी म्हणून हिणवू नये. डोहाची खोली, माशाची वाट, अंड्यांचा काळ हे त्यांनाच ठाऊक. माळकरी आणि मासे धरणारा यांनी एका पारावर बसावे. एक डोह बारमाही सोडावा. बाकी नदीत जाळ्याने हवे तेवढे धरावे. पहिल्या पावसात चढणीचे मासे मारू नयेत. विष आणि सुरुंग कोणीही वापरू नये. 1952 साली आपल्या देशात आणलेल्या चिलापीसारखा परका मासा डोहात सोडू नये, कारण तो मूळच्या माशांची जागा बळकावतो. काठची झाडे तोडू नयेत, डोहातली वाळू उपसू नये.

आणि यात्रेकरूंनो, आपल्यासाठीही नेम आहे. निर्माल्य, प्लॅस्टिकच्या पिशव्या, साबण नदीत जाऊ देऊ नये. माशांना खाऊ घालावासा वाटला तर मूठभर चुरमुरे पुरेत. टोपलीभर टाकले तर ते कुजून पाणी बिघडते. दिंडीच्या मुक्कामी पंगत उठली की पत्रावळी खड्ड्यात पुराव्यात. चंद्रभागेचे स्नान आपण पुण्य मानतो. तेच पाणी कोणा जिवाचे घर आहे, एवढे डुबकी घेताना ध्यानी असावे.

भूतमात्री भगवंत पाहावा हे आपण रोज बोलतो. डोहातल्या मुक्या जिवापाशी त्या बोलण्याची परीक्षा होते. येत्या वैशाखाच्या आत आपापल्या गावचा एक तरी डोह देवाच्या नावाने सोडावा, एवढीच विनंती.

रामकृष्ण हरि.