जगऱ्यावरचा सोडा-पाव

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात (२०२३ पासून हा मध्यप्रदेशातील स्वतंत्र जिल्हा आहे) भाजण्याची विद्या म्हणजे रोडगे. जाडसर कणकेत तेलाचे मोहन घालून ती घट्ट मळायची, गोळे गोवऱ्यांच्या जगऱ्यात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी. इकडे ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या मित्रांना जगरा म्हणजे काय ते सांगावे लागते: धूर जाऊन निखारा झालेल्या गोवऱ्यांची रास.

परंतु रोडग्याचे कवच टणक. माझ्या आजीचे दात गेल्यापासून ती तो वरणात कुस्करून खाते. तिच्यासाठी घरीच मऊ पाव करता येईल काय, हे शोधताना आयर्लंडचा सोडा-पाव सापडला. तिथल्या गव्हाला चिवटपणा कमी, त्यामुळे खमिराचा पाव नीट फुगत नसे. १८३० नंतरच्या काळात खाण्याचा सोडा तिकडे घरोघरी पोचला. भट्टी गरिबांकडे नव्हतीच. झाकणाच्या लोखंडी भांड्यात पीठ ठेवून खाली आणि झाकणावरही निखारे घालीत. म्हणजे जगराच की!

अर्धा किलो पीठ, चहाचा एक सपाट चमचा सोडा, तेवढेच मीठ आणि साधारण ३५० ते ४०० मिलिलिटर आंबट ताक. आपली कणीक चिवट, म्हणून निम्मा मैदा घ्यावा. ताक पाणचट नको. त्यातील आम्ल आणि सोडा भेटताच कार्बन डायऑक्साइड सुटू लागतो व तो कुणासाठी थांबत नाही. म्हणून आधी जगरा तयार हवा, मग पिठात ताक. रोडग्याची कणीक आपण तिंबतो, ही मुळीच मळायची नाही. गोळा जमला की पुरे. सोडा जास्त पडला तर पुरेसे आम्ल मिळत नाही, पाव पिवळट होतो आणि साबणासारखा लागतो.

गोळ्यावर अधिकच्या चिन्हासारखा खोल छेद द्यावा, म्हणजे मध्यभाग कच्चा राहत नाही. सुमारे पाऊण तास लागतो. बुडावर ठोकून पोकळ आवाज आला की झाला. गरम असतानाच फडक्यात गुंडाळावा. वाफेने कवच मऊ पडते. आजी तो वरणाशिवाय खाते.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याने हिशोब मांडायचा तर यीस्ट नाही, अंडी नाहीत, पीठ फुगण्याची वाट पाहणे नाही. खर्चाच्या बाजूला एकच रक्कम: दुसऱ्या दिवशी हा पाव कोरडा पडतो. तेव्हा त्याचे काप तव्यावर तुपात परतावेत.