औषध चालू, तरी मन उदास

संतांच्या बोलीत उदास म्हणजे विरक्त. आज आम्ही लिहीत आहोत ते औदासीन्य निराळे. तो रोग आहे. आमच्या दिंडीतले एक माळकरी गृहस्थ नऊ वर्षे त्याने पीडित आहेत. उपचाराने झोप लागू लागली, शेताकडे पाहू लागले. पण मनावरचे मळभ पुरते गेले नाही. "नामात मन लागत नाही, आमचंच काही चुकतंय," असे म्हणत. आणि आम्ही? हरिपाठ वाढवा, सगळं जाईल, असे सांगून बसलो. आमचे अज्ञान, दुसरे काय!

दोन वर्षांहून अधिक टिकणारे औदासीन्य जुनाट समजतात. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत पहिल्या औषधाने सुमारे एक तृतीयांश रोगीच लक्षणमुक्त झाले. बाकीच्यांना औषध बदलावे लागते, जोडीला समुपदेशन घ्यावे लागते; तरी काहींचे थोडे उरतेच. मधुमेही वारकरी इन्शुलिन बरोबर बाळगतो, त्याला कोणी अभक्त म्हणतं का हो?

एका वारीत बरे वाटले म्हणून या गृहस्थांनी गोळ्या एकदम सोडल्या. चक्कर, बेचैनी, झोप नाही. महिनाभरात अंथरुण धरले. गोळ्या कमी करावयाच्या त्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू. जीव देण्याचे विचार येऊ लागले तर मात्र तत्काळ घरच्यांना सांगावे. १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

गेल्या आषाढीस ते पुन्हा चालले. गोळ्यांची डबी पडशीत. वाखरीपर्यंत फारसे बोलले नाहीत, टाळही हाती घेतला नाही. दोन्ही वेळा जेवले मात्र.