जुना तिरकमठा ओढू नका!

शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांच्या उत्तरेला सातपुडा पसरला आहे. तेथील भिल्ल आणि पावरा वस्त्यांत एखाद्या घराच्या कुडाला आजोबांचा तिरकमठा टांगलेला दिसतो. असे जुने धनुष्य तुमच्या शाळेच्या संग्रहासाठी मिळाले, तर पहिला मोह कोणता होईल? दोरी ओढून पाहण्याचा! नेमके तेच करू नका. का, ते पाहू.

धनुष्य म्हणजे एक प्रकारची स्प्रिंगच. दोरी ओढताना आपण केलेले कार्य वाकलेल्या बांबूत स्थितिज ऊर्जेच्या रूपाने साठते. समजा, दोरी अर्धा मीटर ओढली आणि शेवटी २०० न्यूटन बल लागले. बल शून्यापासून वाढत गेले, म्हणून सरासरी १०० न्यूटन धरू. कार्य झाले १०० × ०.५ = ५० ज्यूल. त्यातील ३५ ज्यूल २५ ग्रॅमच्या बाणाला मिळाले, तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५३ मीटर होईल. गणित करून पाहा. बाण न लावताच दोरी सोडली तर? ऊर्जा घेऊन जाणारे कोणीच नसते. ती कमठ्यातच धक्क्याने परतते आणि कमठा फुटू शकतो.

वाकलेल्या कमठ्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. हा ताण बांबूचे चिवट तंतू सोसतात. पण उन्हाळ्यात बांबू सुकून आकसतो, पावसाळ्यात ओलावा शोषून फुगतो. वर्षानुवर्षे असे चालले की बारीक चिरा पडतात. शिवाय बांबूतील पिष्टमय पदार्थासाठी भुंगेरे तो पोखरतात. वरून धडधाकट दिसणारा कमठा आतून पोकळ असू शकतो.

मोगल सैन्यातील धनुष्ये निराळी होती. लाकडाला आतून शिंग आणि बाहेरून जनावरांचे स्नायुतंतू सरसाने चिकटवलेले असत. ती जोरदार, पण दमट हवेत सरस मऊ पडे. भिल्लांनी निवडला जंगलातलाच बांबू. दोरीसुद्धा पुष्कळदा बांबूच्या कामटीची! मोडले तर दुसरे जागच्या जागी करता येई. १८५७-५८ मध्ये खाज्या नाईकांच्या भिल्ल साथीदारांनी इंग्रजांशी झुंज दिली, तेव्हाही तिरकमठे त्यांच्या हाती होते.

म्हणून संग्रह करताना पुढील काळजी घ्या. दोरी चढवलेली असेल, तर जाणत्या माणसाकडून उतरवून घ्या. तीर आणि भाल्याच्या फाळांना हात लावू नका. टोकाला विष माखलेले असू शकते. गंज घासणे, तेल वा व्हार्निश लावणे टाळा. त्याने जुन्या खुणा पुसल्या जातात. धनुष्य भिंतीला न टेकवता सावलीत, कोरड्या जागी, आडवे ठेवा. खाली बारीक भुसा पडलेला दिसला, तर कीड लागली असे समजा आणि ते इतर वस्तूंपासून वेगळे करा.

१९७२ च्या पुरावशेषांविषयीच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खाजगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

सर्वांत मोलाची गोष्ट मात्र वहीत ठेवायची आहे. कमठा कोणी केला, बांबू कोणत्या ऋतूत तोडला, कामटी कशी तासली, पिसे कोणत्या पक्ष्याची लावली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. कमठा मोडला तर नवा करता येईल; पण तो करणाऱ्याची माहिती त्याच्याबरोबर गेली, तर तुमच्या कपाटात केवळ एक वाकडा बांबू उरेल.